चिठ्ठीतली नववी ओळ

घरी दुरुस्तीला गेलं की लोक आधी खुर्ची पुढे करतात. मी बत्तीस वर्षं उभ्यानेच काम केलं. टीव्ही दुरुस्तीच्या दिवसांत माझ्या उस्तादांनी घालून दिलेला हा नियम होता: गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचं नाही. एक तर आपले कपडे मळलेले असतात. दुसरं म्हणजे बसलेल्या मेकॅनिकपुढे चहा येतो, चहाबरोबर गप्पा येतात आणि पुढची दोन घरं बुडतात. म्हणून कीबोर्ड टेबलाच्या कडेला ओढायचा, कंबरेत वाकायचं, काम करायचं आणि निघायचं. या सवयीपायी कंबर गेली. त्याहून मोठं काय गेलं असतं ते पुढे सांगतो. तोवर एवढंच सांगतो की गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मी त्या बत्तीस वर्षांत एकदाच बसलो.

राहायला मी विक्रोळीत. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर इथल्या एका कारखान्यात लागले, आणि आम्ही इथलेच झालो. घाटकोपरला माझं दुकान होतं, म्हणजे जिन्याखालची जागा आणि पुढे एक शटर. आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर. आता दुकान बंद केलंय, पण जुनी गिऱ्हाइकं फोन करतात आणि मी जातो. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले गमतीचे किस्से लिहायला सांगितलं आहे, तेव्हा दोन सांगून टाकतो.

साकीनाक्याला भरतकामाचा एक कारखाना होता. मशीनवर साड्यांना टिकल्या लावायचे. त्यांचा कॉम्प्युटर रोज दुपारी बंद पडायचा. माझ्याआधी दोघांचे त्यात नवीन पार्ट टाकून झाले होते. मी कॉम्प्युटरचा डबा उघडला तर पंख्याच्या जाळीत, बोर्डावर, सगळीकडे टिकल्या. हवाच खेळत नव्हती, कॉम्प्युटर तापून बसत होता. ब्रशने झाडून ओंजळभर टिकल्या वर्तमानपत्रावर काढल्या. मालक आले, त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी त्या ओंजळीतल्या सोनेरी वेगळ्या आणि चंदेरी वेगळ्या करायला घेतल्या.

दुसरा किस्सा बोरिवलीच्या एका बाईंचा. त्यांचा माउस रोज सकाळी आपोआप पळायचा, दुपारनंतर सुतासारखा सरळ. त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं होतं की घरात काहीतरी आहे. घरात होतं ते काचेचं टेबल आणि पूर्वेची खिडकी. सकाळचं ऊन काचेतून थेट माउसच्या पोटात शिरायचं. मी माउसखाली एक जुनं कॅलेंडर घातलं. सासूबाई म्हणाल्या, कॅलेंडरवर देवाचं चित्र होतं म्हणून फरक पडला. मी वाद घातला नाही.

असे किस्से सांगताना मला मजा येते, कारण त्यांत शहाणा मी असतो. आता ज्यात मी शहाणा नव्हतो ते.

माझी एक चिठ्ठी होती. पुठ्ठ्याचा तुकडा, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलेला, कायम खिशात. कॉम्प्युटर स्लो झालाय म्हणून कुणी बोलावलं की या चिठ्ठीतल्या चौदा गोष्टी वरपासून खालपर्यंत करायच्या. पहिली ओळ धूळ, दुसरी नको असलेले प्रोग्राम, असं करत करत नववी ओळ होती: ‘सिंक बंद’. ही चिठ्ठी मी अनुभवातून बनवली होती आणि तिचा मला गर्व होता. परबने हात लावला की कॉम्प्युटर पळतो, असं मुलुंडपासून अंधेरीपर्यंत लोक म्हणायचे. दुसरे मेकॅनिक ती चिठ्ठी बघायला मागायचे, मी दाखवायचो नाही.

नववी ओळ समजून घ्यायची तर थोडं शिकवणीसारखं सांगावं लागेल. पडद्यावरचं चित्र एकदम उमटत नाही. ते वरून खाली, ओळीओळीने काढलं जातं, एका सेकंदात साठ वेळा. डबा पुढचं चित्र तयार करतो आणि पडद्याकडे देतो. होर्डिंगवर कागद चिकटवणारे बघितले असतील. वर चढलेला माणूस पट्ट्या लावत वरून खाली येत असतो, आणि खालचा त्याला एकेक पट्टी देत असतो. वरचा अर्ध्यावर आला असताना खालच्याने घाईघाईत पुढच्या जाहिरातीच्या पट्ट्या द्यायला सुरुवात केली, तर वर एक चित्र आणि खाली दुसरंच दिसेल. सिंक म्हणजे खालच्या माणसाला दिलेली ताकीद, की वरच्याचं एक चित्र पुरं होईपर्यंत थांब. ती बंद केली की डबा कुणासाठी थांबत नाही. आकड्यांत वेग वाढतो, पण हलतं चित्र मधूनच आडवं कापल्यासारखं दिसतं. वरचा तुकडा मागे राहतो, खालचा पुढे सरकतो. स्थिर चित्रात हे अजिबात कळत नाही, आणि सावकाश हलणाऱ्या चित्रात फार थोड्यांना कळतं.

ही ओळ चिठ्ठीत आली घाटकोपरच्या एका सायबर कॅफेमुळे. तिथली पोरं गेम खेळायची. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा दिसायचा आणि तो आकडा जितका मोठा तितकी त्यांची कॉलर ताठ. सिंक बंद केलं की आकडा दुप्पट व्हायचा. पोरं म्हणाली, परबकाका झकास. झालं. तेव्हापासून गेम खेळणाऱ्याच्या, न खेळणाऱ्याच्या, हिशेबनीसाच्या, डॉक्टरच्या, ज्याच्या म्हणून कॉम्प्युटरला मी हात लावला त्याचं सिंक मी बंद केलं. का, हे नंतर कधी स्वतःला विचारलं नाही.

मुलुंड पूर्वेला करंदीकर नावाचे गृहस्थ आहेत. सत्तरी ओलांडलेली, घरी ते आणि बँकेत नोकरी करणारी मुलगी मेधा. करंदीकरांनी उभा जन्म जाहिरातींसाठी हलती चित्रं काढली. नाचणारं बिस्किट, हसणारा साबण, असली. पूर्वी कागदावर, एकेका सेकंदासाठी चोवीस चित्रं. मग कॉम्प्युटरवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची फिल्म करायला घेतली, सात मिनिटांची. मिठागराच्या रस्त्याने एक मुलगी सायकलवरून जाते आणि मागे विजेचे खांब पळतात. बस, एवढंच. मला म्हणाले होते, “आयुष्यभर दुसऱ्याचा साबण हसवला परब, ही एक पोरगी माझी आहे.”

संक्रांतीच्या सुमारास त्यांनी मला बोलावलं. कॉम्प्युटर रखडतोय म्हणाले. मी चिठ्ठी काढली, चौदा ओळी केल्या, कॉम्प्युटर पळायला लागला. ते खूश, मी खूश.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. पडद्यावर एक आडवी रेघ येते म्हणाले. सायकल पळायला लागली की खांब मधून तुटतात.

मी गेलो. दार मेधाने उघडलं आणि मला आत नेण्याआधी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवलं. आदल्या वर्षी बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आतला पडदा सुटला होता. रेघ दिसली, सावली दिसली तर ताबडतोब या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, “काका, कॉम्प्युटरचंच काहीतरी असू दे.”

इथेच मी चुकलो. तिचं ऐकल्यावर मी आतल्या खोलीत गेलो तो मत बनवूनच. करंदीकर खुर्चीतून उठले, बसा म्हणाले. मी नको म्हटलं. उभ्याने वाकून मी माझी नेहमीची परीक्षा घेतली: एका छोट्या चौकटीत जुन्या गाण्याचा व्हिडिओ लावला. चित्र स्वच्छ. ते असायचंच. छोट्या चौकटीतल्या चित्राला कॉम्प्युटर स्वतः सांभाळून घेतो. चित्र पडदाभर गेलं की ती मेहेरबानी संपते, आणि करंदीकर आपलं काम पडदाभर बघायचे. तेवढं मला माहीत होतं, पण त्या क्षणी डोक्यात आलं नाही. मग त्यांनी त्यांची फिल्म लावली. नेमका लागला तो सुरुवातीचा प्रसंग, ज्यात मुलगी सायकल हातात धरून चालते आहे. मी वरून, तिरक्या मानेने, दोन भिंगांच्या चष्म्यातून अर्धं मिनिट बघितलं.

ते म्हणाले, “पुढे बघा, पुढे ती जोरात जाते.”

मी म्हटलं, “करंदीकरसाहेब, मशीन एकदम ठीक आहे. एकदा डोळे दाखवून घ्या.”

त्यांनी फिल्म थांबवली आणि मला दारापर्यंत सोडायला आले.

पुढचं मला मेधाकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि डोळा उत्तम आहे म्हणून सांगितलं. चौकटीचा कागद दिला, त्यावरच्या सगळ्या रेघा करंदीकरांना सरळ दिसल्या. घरी येऊन फिल्म लावली की खांब पुन्हा तुटलेले. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तेव्हा करंदीकर मुलीला म्हणाले, “डोळेवाला म्हणतो डोळ्यांत काही नाही, कॉम्प्युटरवाला म्हणतो कॉम्प्युटरमध्ये काही नाही. मग उरलं डोकं.” त्यांच्या थोरल्या भावाचं शेवटच्या वर्षांत भान गेलं होतं, ते घरातल्यांनी जवळून बघितलं होतं. त्यानंतर ते खुर्चीत बसेनासे झाले. चित्र काढायची पाटी कपाटात गेली, कॉम्प्युटरवर टॉवेल पडला. मुलगी कामावर गेली की दिवसभर रेडिओ ऐकायचे.

हे सगळं ऐकून मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, त्यात माझा काही हात असेल असं मनातही आलं नाही. उलट मी चारचौघांत सांगायचो की बघा, मी वेळेवर डॉक्टरकडे पाठवलं.

आता आमचं मंडळ. आमच्या चाळीच्या गणपतीत दर वर्षी देखावा असतो, आणि सगळी कोकणातली माणसं असल्यामुळे देखाव्यात समुद्र किंवा होडी असावीच लागते. आदल्या गणपतीत मीच करंदीकरांना आणलं होतं. त्यांनी पुढच्या वर्षासाठी हलत्या चित्रांचा देखावा कबूल केला, आणि डोळ्यांचं हे प्रकरण सुरू व्हायच्या आधी बराचसा काढूनही ठेवला होता: बाप्पा शिडाच्या होडीतून खाडीतून येतात, किनाऱ्यावर गाव जमतं. सगळ्याची मिळून एक फिल्म करायचं शेवटचं काम तेवढं राहिलं होतं. श्रावण आला तसा मंडळाचा सेक्रेटरी बाळा सावंत माझ्यामागे लागला. मी संकोचत मुलुंडला गेलो. करंदीकर म्हणाले, शब्द दिलाय, फिल्म केली नसली तरी चित्रं त्या कॉम्प्युटरवर चालतात, तोच घेऊन जा आणि त्यावरूनच दाखवा. मी येईन, पण मी बघणार नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी मंडपात डबा जोडला. भाड्याने आणलेला पडदा पंधरा फूट रुंद होता. समोर मंडळाची पंधरावीस माणसं, काही बायका, आणि बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत पडद्याकडे पाठ करून बसलेले करंदीकर. मेधा त्यांच्या शेजारी. मी बटण दाबलं. आधी नुसती खाडी, सगळे खूश. मग डाव्या बाजूने होडी आली. होडीला वारा लागला, तिने वेग घेतला आणि डोलकाठी मधून तुटली. म्हणजे वरचा अर्धा भाग मागे राहिला, खालचा पुढे. ती रेघ वर-खाली सरकत होती. सरकता सरकता ती बाप्पाच्या मानेवर आली.

पुढच्या रांगेत कुणीतरी ओरडलं, अरे, बाप्पा तुटला! खंडित मूर्ती कुणी पुजत नाही. मूर्तीच्या बोटाचा टवका उडाला तरी ती आम्ही मखरात ठेवत नाही, आणि इथे पंधरा फुटांच्या पडद्यावर बाप्पाची मान धडापासून सरकलेली. बाळा सावंत माझ्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “परब, ह्या काय रे? खंडित मूर्ती आपल्याक दाखवची नाय. बंद कर.”

मी बंद करणार एवढ्यात मागून आवाज आला, “थांबा.”

करंदीकर उभे राहिले होते. ते पडद्याकडे वळले नव्हते. पहिल्या रांगेतल्या एका बाईंना त्यांनी विचारलं, “तुम्हाला काय दिसतंय? कुठे तुटलंय?” बाई घाबरून म्हणाल्या, गळ्याशी, आजोबा. मग त्यांनी बाळाला विचारलं, वरचा भाग पुढे आहे की मागे? बाळा म्हणाला, मागे. मग तिसऱ्या एकाला विचारलं, रेघ एका जागी आहे की हलते? तो म्हणाला, हलते ना, वर-खाली होते. कोर्टात साक्षी घ्याव्यात तसे ते एकेकाला विचारत होते. मग वळले, पडद्याकडे बघितलं आणि मेधाला म्हणाले, “अगं, सगळ्यांना दिसतेय.”

आणि ते तिथेच खुर्चीत बसले आणि रडायला लागले. मंडळाची माणसं गोंधळली. देखाव्याची वाट लागली म्हणून म्हातारा रडतोय असं त्यांना वाटलं, बाळाने तर पाणी आणायला माणूस पळवला. ते कशाने रडत होते ते मेधाला कळलं आणि मला कळलं.

मी आधी केबल बदलली. सवय. फरक नाही. मग ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे ती ओळ होती आणि समोर लिहिलं होतं: बंद. ती कुणी बंद केली असेल याचा विचार करायला मला एक सेकंदही लागला नाही. संक्रांत, चौदा ओळी, नववी ओळ. एका टिचकीसरशी चालू केलं. होडी पुन्हा सोडली. डोलकाठी सरळ, बाप्पा अखंड. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाळाने विचारलं, काय होतं रे?

आमच्या धंद्यात या प्रश्नाला एक तयार उत्तर असतं. स्वतःची चूक असली, दुसऱ्या मेकॅनिकची असली, किंवा काय झालं ते कळलंच नसलं तरी हेच उत्तर द्यायचं. मी म्हटलं, “केबल लूज होती.”

करंदीकरांनी येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर बाळाने माइकवरून सांगितलं की आपल्या परबांनी ऐनवेळी देखावा वाचवला, आणि माझ्या अंगावर शाल घातली. टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढे करंदीकर होते. त्या शालीखाली मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही. सहा महिने एक माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या डोक्याला घाबरून बसला होता, आणि ते माझ्या खिशातल्या पुठ्ठ्यामुळे.

विसर्जनापर्यंत मी स्वतःला समजावत होतो. आता सगळं ठीक झालंय, म्हातारा पुन्हा कामाला लागेल, कशाला उकरायचं? शिवाय नाव. मुलुंडमधलं एक घर गेलं की त्या बिल्डिंगमधली बाकीची जातात. पण विसर्जनानंतर त्यांचा डबा परत जोडायला जायचं होतंच. तो जोडून झाला आणि ते म्हणाले की परब, तुमच्यामुळे मी शहाणा ठरलो. तेव्हा मला राहवलं नाही. मी चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि नवव्या ओळीवर बोट ठेवून सगळं सांगितलं. केबल लूज नव्हती हेही सांगितलं.

त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “पुन्हा बंद करा.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“ते जे काय बंद केलं होतंत ते पुन्हा बंद करा. आणि या खुर्चीत बसा.”

मी नेहमीप्रमाणे नको म्हणायला गेलो. त्यांनी खुर्ची मागे ओढली आणि वाट बघत उभे राहिले. मी बसलो. त्यांनी फिल्म लावली, पडदाभर, आणि यावेळी थेट मधला प्रसंग. मुलगी पॅडलवर उभी राहून जोरात सायकल मारते आहे. खुर्चीतून तो पडदा डोळ्यांच्या बरोबर समोर येतो. वरून वाकून दिसतं ते वेगळं आणि हे वेगळं. प्रत्येक खांब मधून तुटत होता. मुलीचा चेहरा एकीकडे आणि खांदे दुसरीकडे जात होते. कितीही नाही म्हटलं तरी नजर त्या चिरेवरच जायची, आणि ती चीर धरावी तर सरकायची. मिनिटभराने मी मान वळवली तर ते म्हणाले, पूर्ण बघा. मी शेवटपर्यंत बघितलं.

“हे मी रोज बघत होतो,” ते म्हणाले. “आणि तुम्ही इथे उभे राहून मला सांगितलंत की हे नाही.”

मी चुकलो म्हटलं. ते बरं म्हणाले. मेधाने चहा आणला, तो मी त्याच खुर्चीत बसून प्यायलो, कारण उठायचं सुचलं नाही. मग मी सिंक चालू केलं आणि त्यांनी तोच प्रसंग पुन्हा लावला. खांब एकामागून एक सरळ येत गेले आणि गेले. मुलगी वळणावर दिसेनाशी झाली. फार सुंदर केलं आहे ते. फिल्म अजून पूर्ण व्हायची आहे, पण रोज काम चालू आहे.

मी निघताना त्यांनी चिठ्ठी परत दिली. नववी ओळ त्यांनी खोडली असेल असं मला वाटलं, पण ती तशीच होती. मी चपला घालत असताना त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“परब, हे तुम्ही आणखी किती घरांत केलंयत?”

त्या प्रश्नाने मी जिन्यातच थांबलो. करंदीकरांना ते निदान दिसलं तरी, कारण त्यांची नजर त्यात मुरलेली. बाकीच्यांना काय दिसत असेल? कुणी डोकं दुखतं म्हणून चष्मा बदलला असेल. कुणाला वाटत असेल, पडदा जुना झालाय, असंच असतं. आणि परबने सर्व्हिसिंग केलंय म्हटल्यावर कॉम्प्युटरवर शंका घ्यायचं कुणाला कारणच नाही.

दुकानाच्या जुन्या डायऱ्या पोटमाळ्यावर होत्या, त्या काढल्या. नावं, पत्ते, फोन नंबर, सगळं आहे. बरेच नंबर बदललेत, काही मशीन भंगारात गेलीत, काही माणसंही राहिली नाहीत. उरलेल्यांना रोज सकाळी जेवणाआधी चार-पाच फोन करतो. काही जण हसतात, काहींना वाटतं परबला नवीन धंदा सुचला. तरी जातो. आणि आता गेलो की कॉम्प्युटरला हात लावण्याआधी बसतो.

फोनवर काय बोलायचं ते मी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलंय, कारण ऐनवेळी जीभ केबलकडे वळते. “नमस्कार, मी परब. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एक गोष्ट मी स्वतः बिघडवून ठेवली आहे. ती नीट करायला कधी येऊ?”